मंजुळाबाईंचा हळदीचा हात

मित्रांनो, मी तुळशीराम रंगाऱ्याचा म्हातारा कुंचा. शिंदीच्या झावळीच्या देठाचं टोक दगडावर ठेचून त्यानं मला घडवलं. ठेचताना जीव नकोसा झाला होता. पण त्याशिवाय चुना धरायला केस कुठून येणार? नागपूरचे साहेब दौऱ्यावर निघाले, की आमच्या दुसरबीड गावच्या चावडीला पांढरं करायचो ते आम्हीच. लोक भिंतीवरून हात फिरवून "वा रे तुळशीराम!" म्हणायचे. माझं नाव कुणी घेत नसे. मेलं, नशीबच तसं!

पुढं गावातल्या इंद्रभानरावांच्या लेकीचं, सत्यभामेचं लग्न ठरलं आणि घर पांढरं करायला आम्हाला बोलावणं आलं. देवघराशेजारच्या भिंतीवर हळदीचा एक हात उमटलेला होता. थोरल्या मुलाच्या लग्नात सत्यभामेच्या आईनं, मंजुळाबाईंनी, रीतीप्रमाणे तो थापा मारला होता. नंतर त्या तापानं गेल्या.

सत्यभामा म्हणाली, "काका, सारं घर पांढरं करा, पण आईचा हात तेवढा सोडजा. फोटो नाही, काही नाही. तेवढीच आई हाय माह्यापाशी."

"हाव बाई. जीव गेला तरी धक्का नाही लागू देत," तुळशीराम म्हणाला.

आणि शब्द पाळलाही होता हो त्यानं! एकेका बोटाच्या कडेनं मला किती जपून फिरवलं. काम संपलं. मला बादलीत ठेवायला म्हणून त्यानं उचललं, तोच माझ्या टोकावरचा एक थेंब उडाला तो नेमका अंगठ्यावर. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पिवळ्या अंगठ्यावर रक्तासारखा ठिपका उठला.

एवढासा ठिपका! द्यायचा ना सोडून! पण तुळशीरामाचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यानं मला पाण्यात खळबळलं आणि ठिपका पुसायला घेतला. माझ्या अंगात तर चुना पार मुरलेला. मी टेकेन तिथं लाल. अंगठा गेला. तो सावरता सावरता शेजारचं बोट फिसकटलं. "अरे बाबा, थांब! फेकून दे मला!" मी आतल्या आत ओरडत होतो. पण कुंच्याचं कोण ऐकतं? "देवा, येवढं निस्तरू दे," असं म्हणत तो घामाघूम होऊन पुसतच राहिला. भिंतीवर नुसता लाल चिखल झाला.

तेवढ्यात सत्यभामा आली. तिनं भिंत पाहिली.

"मार मले, बाई. शिव्या दे," तुळशीराम रडत म्हणाला.

"बाबा येतीन आता. त्यायले हे असं दिसू नये," एवढंच सत्यभामा म्हणाली आणि तिनं मला त्याच्या हातातून घेतलं. चुन्यात बुडवून ती स्वतःच भिंत पांढरी करू लागली. लाल वर यायचं, ती पुन्हा हात मारायची. करंगळी तेवढी शाबूत होती. तिथं येऊन तिचा हात अडला. मग तिनं डोळे गच्च मिटले आणि मला त्या करंगळीवरूनही फिरवलं.

मित्रांनो, हात जोडून सांगतो, चूक झाली तर तिला तेवढीच राहू द्या. त्या दिवशी माझा धनी वेळेत थांबला असता, तर डाग पडलेली का होईना, पण त्या लेकीला तिची आई राहिली असती.