साहेब सगळ्यांत शेवटी झोपतात

सकाळचं दवाखान्यातलं दृश्य : फरशीवर एक डॉक्टर हिरव्या चादरीखाली आडवी पडली आहे. ती घोरते आहे. फारच वाईट घोरते आहे.

*

गाद्यांच्या दुकानात, उशांच्या अभ्र्यांशेजारी, खिळ्याला एक रबरी मास्क लटकतो आहे. त्याला संत्र्याचा वास येतो.

*

"असं घोरतात का कुणी? दारात मांजर अडकल्यासारखं वाटतंय."

"मग तूच घोरून दाखव, दादा. रोज रात्री फुकट ऐकवतोस, आज मुद्दाम ऐकव."

*

नापास.

*

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं, तर सुरुवात गादीवाल्यापासून करावी लागेल.

गादीवाल्याच्या घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान. दुकानात कापूस, काथ्या, सुया, दाभण आणि साहेब. साहेब हा त्याचा एकुलता एक मुलगा, वय पस्तिशीच्या पुढे. लहानपणी एका मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या असण्याला एक लांबलचक नाव दिलं होतं, ते आत्याला आजतागायत उच्चारता आलं नाही. आत्या म्हणजे गादीवाल्याची धाकटी बहीण. वहिनी गेल्यावर ती चार दिवसांसाठी म्हणून आली आणि कायमची राहिली. साहेबांना बोलण्यासाठी मोजकेच शब्द लागत. 'पास', 'नापास', 'ऊठ', 'झोप' एवढ्यावर त्यांचा सगळा कारभार चाले. गादी भरून झाली की ते तिच्यावर आडवे होत, डोळे मिटत आणि निकाल देत. त्या निकालावर अपील नसे. म्हणून तर साहेब.

गिऱ्हाइकांनाही ते पाठ झालं होतं. "तुमच्या साहेबांनी पास केलेली द्या," असं येऊन सांगत. एकदा एका नवीन जोडप्यासमोर साहेब डबल गादीवर जे गाढ झोपले, ते काही केल्या उठेनात. जोडपं बिचारं दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आलं.

रात्रीची अंथरुणंही साहेबच घालत. आधी बाबांना पांघरूण, मग आत्याला पांघरूण, मग दिवा बंद. सगळे झोपले अशी खात्री पटली की मगच स्वतः आडवं व्हायचं. आत्या म्हणायची, "या घरात मला पन्नाशी उलटल्यावर आई मिळाली."

*

आणि मग दाढ.

साहेब गादीवर पडत आणि पडल्यापडल्या उठत. कापसाची नापास. काथ्याची नापास. स्वतःची, वर्षानुवर्षांची, अंगाचा खड्डा पडलेली गादी, तीही नापास. गाल टम्म सुजला. रात्र रात्र ते दुकानात येरझारा घालत आणि त्यांच्या मागोमाग गादीवाला. खाणं सुटलं. एका गिऱ्हाइकाच्या अंगावर त्यांनी उशी भिरकावली, आणि मग स्वतःच घाबरून कापसाच्या ढिगात तोंड खुपसून बसले.

दुखणं दाढेचं होतं, पण खरी अडचण निराळीच होती. मागे एकदा दुसऱ्या एका दवाखान्यात, "दोन मिनिटांचं काम आहे, धरा घट्ट," असं म्हणून चौघांनी साहेबांना खुर्चीत दाबून धरलं होतं. दाढ निघाली नाही. साहेबांचं तोंड मात्र मिटलं ते मिटलंच. ब्रश बंद. कुणाचा हात गालाजवळ आला की मान भिंतीकडे. गादीवाल्याचा हात आला तरी.

*

नव्या दवाखान्यात दातांची डॉक्टर तरुण होती आणि तिच्या जोडीला भूल देणाऱ्या मॅडम होत्या. केस पांढरे, पायात कापडी बूट, बोलणं रोखठोक.

"जागेपणी हे व्हायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण भूल देऊ. एकाच झोपेत सगळं तोंड साफ. झोप लागेपर्यंत सुई नाही, फक्त मास्क."

"धरायचं नाही," गादीवाला म्हणाला.

"मलाही धरायला आवडत नाही हो."

"तसं नाही मॅडम. परत धरलं ना, तर तो माझ्याही हातचं काही खायचा नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "खरं सांगू? सूज गळ्याकडे पसरतेय. फार थांबता येणार नाही. त्यांनी मास्क घेतला तर उत्तमच. नाही घेतला तर मी एकदा परत पाठवीन. दुसऱ्यांदा पाठवता येणार नाही." मग त्यांनी एक मास्क त्याच्या हातात ठेवला. "घरी खेळा याच्याशी. कुठला वास आवडतो त्यांना?"

"संत्र्याचा," आत्या म्हणाली. "सालं उशीखाली ठेवतो मेला."

*

खेळ सुरू झाला. संत्र्याची साल मास्कला चोळायची. पहिल्यांदा गादीवाल्यानं मास्क लावायचा, आडवं व्हायचं, घोरायचं. मग आत्यानं. मांजराचा वाद त्यातलाच. साहेब दोघांना पांघरूण घालत, खात्री करून घेत आणि सगळ्यांत शेवटी, संत्र्याचा वास छाती भरून घेत, स्वतः मास्क लावून पडत. दाढेचा ठणका तेवढ्यापुरता विसरत. गादीवाला आणि आत्या पांघरुणातून एकमेकांना डोळे मिचकावत. जमलं!

जमलं खरं, पण एक चूक झाली, आणि ती याच घरात होऊ शकते. साहेबांना मास्क लावायला कुणी शिकवलंच नव्हतं. सगळ्यांना झोपवून मग मास्क लावायला शिकवलं होतं.

*

दवाखान्यात जायचा दिवस उजाडला. साहेबांच्या पोटात रात्रीपासून काही नव्हतं. सिस्टरनं चमचाभर गुंगीचं औषध आणलं. साहेबांनी ते हुंगलं आणि शांतपणे खिडकीतल्या कुंडीत ओतलं.

"झाड तरी निवांत झोपेल," आत्या म्हणाली.

आतल्या लहान खोलीत एक पलंग, एक यंत्र, यंत्राला नळी, नळीला मास्क. साहेबांनी पलंगाची गादी दोन्ही हातांनी दाबली. कोपरा उचलून खालची बाजू पाहिली.

"नापास."

"अहो, रोज इतके पेशंट झोपतात हिच्यावर!" सिस्टर म्हणाली.

"ते पेशंट असतात, हे तपासायला आलेत," आत्या म्हणाली आणि तिनं पिशवीतून, धुतलेल्या अभ्र्यातली, घरची उशी काढली. साहेबांनी ती पलंगावर ठेवली, चापटी मारली. बरं. मग त्यांनी मास्क उचलला, हुंगला. संत्र्याचा वास मॅडमनी आठवणीनं लावला होता.

साहेबांनी मास्क गादीवाल्याच्या नाकावर ठेवला. "झोप."

गादीवाला बाकावर आडवा झाला. नळीतून नुसता प्राणवायू येत होता. आत्या खुर्चीत मान टाकून घोरू लागली, सवयीनं. साहेबांनी दोघांवर चादर घातली. आणि मग मागे वळून सिस्टरला म्हणाले, "झोप."

"मी? ड्यूटीवर?"

"झोपा, सिस्टर," मॅडम हळूच म्हणाल्या. "नोकरीत पहिल्यांदा परवानगी मिळतेय."

सिस्टर भिंतीला टेकून झोपली. दातांची डॉक्टर टोपीसकट फरशीवर झोपली. राहिल्या मॅडम. साहेब त्यांच्यासमोर मास्क घेऊन उभे राहिले.

गादीवाल्यानं डोळा किलकिला केला. आता संपलं, असं त्याला वाटलं. त्या झोपल्या तर यंत्र कोण चालवणार? आणि नाही झोपल्या तर साहेब झोपणार नाहीत. मग परत घरी, आणि पुढच्या वेळी चौघे.

मॅडमनी दाराआडच्या टेक्निशियनला नुसत्या भुवयांनी सांगितलं, तू मॉनिटर बघ. आणि गुडघे धरत, कुरकुरत, यंत्राच्या अगदी पायाशी फरशीवर आडव्या झाल्या. मास्क लावून घेतला. घोरल्या.

साहेब जरा वेळ ऐकत राहिले. घोरणं नापास होण्याच्या बेतात होतं. पण त्यांनी चादर घातली. मॅडमचा उजवा हात बाहेर राहिला होता, यंत्राच्या बटणावर. साहेबांनी तो पाहिला. तो खाली ओढला नाही. चादरीचं टोक उचलून त्या हातावर घातलं, बटणासकट.

मग दिवा बंद. खिडकीतला उजेड होताच.

आता गादीवाल्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. तो फक्त ऐकत होता. पलंग करकरला. उशीवर चापटी. नळी सरकली. लांब, मोठा श्वास, संत्र्याचा. दुसरा. चादरीखाली बारीकसं टक् झालं. श्वास जड होत गेले, आणि त्यानं कितीतरी दिवसांत न ऐकलेला आवाज आला. साहेबांचं खरं घोरणं.

कुणीच उठेना. शेवटी फरशीवरून मॅडमचा आवाज आला. "चला मंडळी. झोप झाली. कामाला लागा."

उठताना दातांची डॉक्टर तोंडावर हात दाबून हसत होती. सिस्टर डोळे पुसत होती. आत्या उठली नाही. तिला खरोखरच लागली होती.

*

दोन दाढा काढल्या, बाकीच्या भरल्या. साहेबांनी डोळे उघडले तेव्हा मॅडम उशाशी होत्या.

"काय साहेब, झोप कशी काय होती?"

साहेबांच्या तोंडात कापूस होता. त्यातूनच ते म्हणाले, "पास."

"आणि गादी?"

"नापास."

आत्या म्हणाली, "शुद्धीवर आला!"

गादीवाल्यानं यातलं काही ऐकलं नाही. तो पलंगाशेजारच्या स्टुलावर, पलंगाच्या कडेला डोकं टेकून, मेल्यासारखा झोपला होता. सिस्टर त्याला हलवायला गेली तर साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. आपल्या अंगावरची चादर ओढली आणि त्याच्या खांद्यांवर नीट घातली, कोपरे आत खोचून.

तो जागा झाला तेव्हा त्याचा एक हात आपल्या जागेवर नव्हता. साहेबांनी तो उचलून नेला होता आणि आपल्या सुजलेल्या गालाखाली घेतला होता. गादीवाल्यानं बोटंही हलवली नाहीत. हाताला मुंग्या आल्या, तरी नाही.

*

सकाळी घरातून निघताना, बुटांच्या नाड्या बांधून घेता घेता, साहेबांनी बाबांना विचारलं होतं, "धरणार?"

"नाही," गादीवाला म्हणाला होता.