कांडी बघायला माणूस पाहिजे

"डायवर, डोरे तर चांगले आहेत ना तुहे?"

छपरीच्या पायरीशी उभं राहून उमराव कापगते यांनी डोळ्यांची चौकशी केली, तेव्हा खुशाल रामटेके खाटेवर बसून समोरच्या कुडाकडे बघत होता. दीड वर्षापासून त्याचं हेच चाललं होतं. एसटीत बावीस वर्षं गाडी चालवली आणि दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून कोहमाऱ्याकडे जाताना, त्याचा डावा हात स्टिअरिंगवरून आपोआप खाली घसरला. आरशात आपलंच तोंड वाकडं झालेलं त्याला दिसलं. एका हातानं त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मगच मान टाकली. आत चव्वेचाळीस प्रवासी होते. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. लोक ही गोष्ट कौतुकानं सांगत, पण खुशालला ती ऐकवत नसे, कारण सांगणारा प्रत्येक जण शेवटी 'बिचारा' म्हणून थांबे.

"डोरे आहेत," तो म्हणाला. "हात गेला. पाय ओढत चालतो. कायले विचारता?"

"मंग चाल तलावावर. मले कांडी दिसत नाई."

उमराव सत्तरीचे. गावचा मोठा तलाव त्यांच्या पणजोबांच्या पिढीनं बांधलेला, असं सगळे मानत. धानाची शेती आता मुलगा भूपेंद्र बघायचा आणि हे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गरी म्हणजे गळ टाकून बसायचे. गरीचा नाद त्यांना लहानपणापासूनचा. तलावाची मासेमारी ढीवर बांधवांच्या संस्थेकडे होती, पण संस्थेच्या दुधरामनं त्यांना तुडुमाजवळचा कोपरा मोकळा ठेवला होता. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायचं दार. दुधरामची अट एवढीच, की जाळं लावायचं नाही आणि वीतभरापेक्षा लहान मासा परत सोडायचा.

खुशालचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धविहाराच्या मागे होतं. इतक्या वर्षांत उमराव कधी इकडे आले नव्हते. आले ते सरळ त्याच्या खाटेवर बसले आणि आत बघून म्हणाले, "ललिताबाई, चहा मांडा. साखर कमी टाकजा."

ललितानं चहा आणला. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तीच म्हणाली, "जा ना जी. घरी बसून का करून राहिले?"

"मले कोनी फिरवायले न्यायची गरज नाई," खुशाल फटकन बोलला.

"तुले कोन फिरवून राहिला?" उमराव चिडले. "मले डोरे पाहिजेत. दोन महिन्यांत चार रोहू माह्या नाकासमोरून गेले. कांडी बुडते, मले कळतच नाई. तुहे डोरे रिकामे बसले आहेत, म्हनून आलो. नसंल यायचं तर नाई म्हन, मी दुसरा मानूस पाहतो."

दीड वर्षात खुशालकडे कोणी काही मागायला आलं नव्हतं. सगळे काही ना काही द्यायलाच येत, कोणी फळं, कोणी तेल, कोणी सल्ला. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि उजव्या हातानं काठी शोधली.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी तलावावर पातळ धुकं असायचं आणि पाणी इतकं शांत, की पाणकोंबडी पोहत गेली तरी तिची रेघ मागे राहायची. उमरावांनी पाळीच्या दगडावर गोणपाट अंथरलं, काठ्या काढल्या आणि शिकवायला सुरुवात केली. त्यांचं शिकवणं म्हणजे अर्धं शिव्याच.

बांबूची काठी, तिला तंगुसाचा नायलॉन दोरा, दोऱ्यावर पाण्यात तरंगणारी मोरपिसाच्या देठाची कांडी. कांडीचं टोक उमरावांनी लाल रंगवलं होतं, पण लालही त्यांना दिसेना झालं होतं. कांडीखाली शिशाचा लहानसा मणी आणि त्याच्याखाली चार बोटांवर गरी.

"मणी कितीक जड पाहिजे?" खुशालनं विचारलं.

"कांडी उभी राहिली पाहिजे अन् फक्त लाल टोक वर दिसलं पाहिजे. आडवी पडली तर मणी हलका. पुरी बुडली तर जड. मासा गरी तोंडात घेते तवा त्याले कांडीचं वजन लागलं नाई पाहिजे. लागलं का थो थुकते अन् जाते."

पाण्याची खोली आधी मोजायची, हेही त्यांनीच सांगितलं. नुसता मणी सोडून बघायचं आणि कांडी सरकवत जायचं. मिरगल तळाशी चरतो, त्याच्यासाठी गरी चिखलाला टेकली पाहिजे. रोहूसाठी तळापासून वीतभर वर. पिकलेल्या धानाच्या दिवसांत मासा तुडुमाकडे येतो, थंडी वाढली की मधल्या खोल पाण्यात जातो, तेव्हा ऊन वर आल्याशिवाय बसायचंच नाही. आणि पाळीवर पाय आपटायचे नाहीत.

"माहा पाय घासतच चालते, काकाजी."

"घासला तर चालते. आपटू नको."

आमिष मात्र घरी करायचं होतं आणि तिथे खुशालचा घाम निघाला. भाजलेल्या चण्याचं पीठ, मूठभर कणिक, जवसाच्या ढेपेची भुकटी आणि वाळलेली दोन-चार मोहफुलं कुटून. पाणी अगदी बेतानं. हा गोळा इतका मळायचा, की पाण्यात पाव तास टिकला पाहिजे पण माशाच्या ओठाला मऊ लागला पाहिजे. उमरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पीठ डाव्या हातानं मळजो. उजवा हात गरम राह्यते, पीठ आंबूस होते."

ही शुद्ध थाप होती. खुशालला ते तेव्हाच कळलं, पण डॉक्टरनं दिलेला रबरी चेंडू कोपऱ्यात धूळ खात पडला होता आणि पिठाच्या गोळ्याला निदान काही काम होतं. तो रोज संध्याकाळी परातीत डावा हात टाकून बसू लागला. पहिले काही आठवडे हात परातीत नुसता पडून राहिला, उजव्यानं त्याला वरून दाबावं लागे. मग एकदा अंगठा आत वळला. ललिता चुलीपुढे होती. ती आपणहूनच वळली, परातीकडे बघितलं आणि त्याच्याजवळ येऊन बसली. अंगठा पुन्हा वळेपर्यंत ती हलली नाही.

तलावावर दोघांचं बरं जमलं. खुशाल कांडीवर नजर ठेवी. बावीस वर्षं रस्त्यावर लावलेली नजर होती ती. कुत्रं कुठून आडवं येईल हे आधी ओळखणारी. कांडी नुसती थरथरली तर तो म्हणे, "लहान आहे, चाटून राहिला." कांडी आडवी होऊन वर उचलली गेली तर, "आता!" आणि उमराव मनगटाला हलका झटका देत. आमिष लावायला खुशालला दुसरा हात नव्हता, म्हणून उमरावांनी बांबूची एक चिरलेली खुंटी चिखलात रोवून दिली. गरीचा दांडा त्या चिरेत अडकवायचा, टोक वर, आणि उजव्या हातानं पीठ दाबायचं. एवढ्याशा खुंटीनं खुशाल कोणाचाही हात न लागता गरी टाकू लागला. घरी मासा येऊ लागला. दर रविवारी ललिता रस्सा करायची आणि उमराव छपरीत बसून भाताचे ढीग संपवायचे.

पण जानेवारीत एक गोष्ट खुशालच्या लक्षात आली. उन्हात बसले असताना उमरावांनी त्याच्याकडे मान वळवली, आणि त्यांच्या उजव्या बुबुळात त्याला दुधासारखा पांढरा ठिपका दिसला. डाव्यातही तसाच. खुशालनं तो ओळखला. नंदलाल नावाचा त्याचा सोबती चालक होता, त्याच्याही डोळ्यांत असाच ठिपका आला होता. मोतीबिंदू. नंदलालनं ऑपरेशन करून घेतलं आणि दोन महिन्यांत तो पुन्हा गाडीवर बसला. उमरावांच्या घरी सगळे 'वयाचं आहे' म्हणून गप्प होते, आणि उमरावही.

हे सांगायला कितीसा वेळ लागतो? पण खुशाल सांगेना. आज सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले. आमिष मळताना त्याचा हात मधेच थांबे. एका संध्याकाळी ललितानंच विचारलं, "काऊन गप्प आहा?"

त्यानं सांगितलं. आणि मग, परातीकडे बघत, उरलेलंही सांगितलं. "त्यायले दिसाले लागलं तर मले कायले बोलावतील थे? मी पुन्हा या खाटेवर."

ललितानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तुम्ही गाडी बाजूले लावली थ्या दिवशी, तवा एवढा इचार केला होता का?"

त्याच पावली खुशाल उठला. पाय ओढत गावाच्या त्या टोकापर्यंत गेला. भूपेंद्र आणि उमराव अंगणातच होते. खुशालनं सगळं सांगितलं, नंदलालचं उदाहरण दिलं, आणि 'गोंदियाला मी सोबत येतो' असंही म्हणून टाकलं. उमरावांनी आधी नकार दिला, मग दवाखान्यांना शिव्या दिल्या, मग विचारलं, "सुई टोचतेत का डोऱ्यात?"

"मले मालूम नाई. पन नंदलाल जिता आहे."

भूपेंद्रला धानाच्या गाड्या सोडून निघता येईना, म्हणून गुरुवारी खुशालच उमरावांना घेऊन एसटीनं गोंदियाला गेला. दुखण्यानंतर तो पहिल्यांदाच एसटीत चढत होता. चढताना पाय अडला, तर वाहकानं त्याला ओळखलं आणि हात दिला. खुशालनं तो हात धरला. मागे वळून उमरावांना म्हणाला, "पायरी उंच आहे, काकाजी. डावा पाय टाका." आंधळ्याला लंगडा चढवतोय हे बघून दोघांनाही एकदम हसू फुटलं, आणि मग ते पहिलं वळण येईपर्यंत थांबेना.

ऑपरेशन झालं. एका डोळ्याचं तेव्हा, दुसऱ्याचं महिन्यानं. नर्सबाईनं बजावलं, की धूळ, धूर आणि तलाव सगळं बंद. उमराव काळा चष्मा लावून अंगणात बसले आणि घरच्यांचा जीव खाऊ लागले.

खुशालनं तो पूर्ण काळ गरीला हात लावला नसता. पण तिसऱ्याच दिवशी निरोप आला, 'डायवरले म्हना, जागा सोडू नको. चारा टाकून मासा लावलेला आहे, दुसरा कोनी बसंल.' म्हणून तो एकटा जाऊन बसला. येताना गिरणीतला कोंडा भिजवून त्याचे गोळे करून आणत असे. ते रोज त्याच जागी टाकायचे, म्हणजे मासा त्या जागेला सरावतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी नवाच्या सुमारास, कांडी एकदा थरथरली आणि मग इतकी सावकाश तिरपी होत गेली, की खुशालनं श्वास धरला. त्यानं झटका दिला. काठी अर्धगोल वाकली. मासा थेट आतल्या पाण्याकडे निघाला. एका हाताच्या माणसानं आता काय करायचं, हे उमरावांनी तोंडी सांगून ठेवलं होतं. ओढायचं नाही, थकू द्यायचं. काठी बगलेत घट्ट धरायची. हातजाळी आधी पाण्यात बुडवून ठेवायची आणि माशाला जाळीवर आणायचं. जाळी घेऊन माशामागे धावायचं नाही. काठी त्यानं डाव्या बगलेत दाबली आणि डावा हात, जो महिनोन् महिने पीठ मळत होता, त्या हाताची तीन बोटं काठीवर आवळली गेली. धरून राहिली. रोहू दोनदा वर आला, दोनदा आत गेला. तिसऱ्यांदा तो कुशीवर वळला, आणि खुशालनं उजव्या हातानं जाळी त्याच्याखालून उचलली.

चार किलोला थोडा कमी होता. मासा गोणपाटात ठेवून खुशाल पाळीवर बसला आणि बराच वेळ डाव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिला. तिथे त्याला बघायला कोणी नव्हतं, तरी त्यानं दोन्ही हात जोडले. पाण्याला की कोणाला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. डावा हात उजव्याला नीट टेकत नव्हता, पण टेकला.

मासा त्यानं सरळ उमरावांच्या अंगणात नेला. उमरावांनी काळा चष्मा कपाळावर सारला. आधी मासा बघितला, मग गरीची गाठ बघितली, आणि मग पहिल्यांदाच खुशालचा चेहरा नीट बघितला.

"तू रंगानं एवढा कारा आहेस हे मले मालूमच नव्हतं," ते म्हणाले.

खुशाल हसला नाही. "काकाजी, मी तीन आठवडे बोललो नाई. ठिपका मले दिसला होता. तुमचे डोरे चांगले झाले तर मले कोन इचारंल, म्हनून."

उमरावांनी अंगणातली बाज पुढे ओढली आणि त्याला बसायला लावलं.

"मले दिवाळीच्या आधीपासूनच मालूम होतं," ते म्हणाले. "डोऱ्याच्या शिबिरातल्या डाक्टरनं सांगितलं होतं. मले भेव वाटे. डोऱ्यात चाकू घालतेत म्हने. घरात कोनाले बोललो नाई. म्हटलं कोनी कांडी पाहनारा भेटला तर हंगाम निघून जाईल." त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. "तू तीन आठवडे गप्प होता, मी चार महिने. आता का करतेस?"

"तुम्ही त्या दिवशी आले नसते तर..." खुशाल एवढंच म्हणाला.

"तर मासे घरी आले नसते," उमराव म्हणाले आणि सुनेला हाक मारली, "चेतना, विळा आन वो! अन् रश्श्याले मोठं गंज काढ. रामटेकेच्या घरी सांगावा धाड, आज ललिताबाईले इथंच जेवाले बोलाव."

ललिता आली ती घरचा मसाला पदरात बांधूनच. कापगत्यांच्या चुलीवर तिनं रस्सा टाकला, चेतनानं तांदूळ वैरले. उमराव बाजेवर बसून खुशालला रागावत होते, गाठ कशी चुकीची मारली आहे ते सांगत होते, आणि खुशाल तंगुसाचं एक टोक डाव्या हाताच्या तीन बोटांत धरून, त्यांच्या डोळ्यांदेखत, ती गाठ पुन्हा मारायला शिकत होता.