जाड तार आणि खिरीचं पातेलं

मित्रांनो, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, खिडकीखाली बसलेली जुनी टिग वेल्डिंग मशीन म्हणजे मी. माझा निळा रंग बराच उडाला आहे, पण आठवण शाबूत आहे. माझं बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हा पोटातला पंखा कसा खुशीत घुमला होता, तेसुद्धा मला आठवतं.

माझं काम नाजूक. वेल्डर एका हातात माझी टॉर्च धरतो. तिच्या टोकाशी लख्ख ज्योत पेटते आणि धातू वितळून तिथे इवलंसं चकाकतं तळं होतं. दुसऱ्या हातातली सळई त्या तळ्यात टेकवत टेकवत पुढे जायचं. या सळईला आमच्याकडे तार म्हणतात.

माझे मालक हिरामण. तरुणपणी ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मला घेऊन वाफेचे पाइप जोडायला जात. काय दिवस होते ते! पाइप जाड, म्हणून तारही जाड. आमचा जोड पाहून साहेब म्हणत, "माशाचे खवले बसवलेत जणू!" तेव्हापासून हिरामण एकच सांगत आले, "जाड तार, पक्का जोड." बारीक तार ते कधी विकतच आणत नसत. पुढे हलक्या, नव्या मशिनी आल्या आणि माझ्या अंगावर धूळ साचली.

यंदा बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दुपारी संजना आली. ती इथेच वेल्डर आहे, हिरामणांना मामा म्हणते. तिच्या मागे रंगूबाई, तिची आत्या. दोघींनी मिळून स्टीलचं भलं मोठं पातेलं धरलं होतं. वस्तीच्या खीरदानाचं ते एकुलतं एक पातेलं, आणि त्याला बुडाजवळ चीर गेलेली. नवी मशीन दुरुस्तीला गेली होती, म्हणून माझी धूळ झटकली गेली.

"हिरामणभाऊ, उद्या सगळी वस्ती वाटी घेऊन उभी राहणार," रंगूबाई म्हणाल्या. "खीर गळाली तर लोक मलाच धरतील."

"काळजी नको ताई. असा जोड देतो की पातेलं जाईल, जोड नाय जायचा!"

"पातेलं नका घालवू, म्हणजे झालं."

"मामा, पत्रा पातळ आहे," संजना म्हणाली. पण हिरामणांनी जाड तार उचललीच.

मी ज्योत दिली. तार वितळेना. तिला वितळवायला त्यांनी माझा करंट वाढवला. ती उष्णता पातळ पत्र्याला कशी सोसावी? तार जरा मऊ झाली, तोवर पत्राच आत ओघळला. चिरेच्या जागी चांगलं बोट जाईल एवढं भोक!

"घ्या! आता खीर गाळूनच मिळंल," रंगूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

हिरामणांनी टॉर्च खाली ठेवली. संजनाने भंगारातून तशाच पातळ स्टीलचा तुकडा शोधला. कात्रीने त्याची अगदी अरुंद पट्टी कापली.

"मामा, पत्र्याएवढीच जाड तार हवी. विकतची नाही, तर ही चालेल."

हिरामणांनी पट्टी चिमटीत धरून पाहिली. "हे बरं सुचलं तुला, पोरी. थांब, भोकामागं तांब्याची पट्टी धरतो. तांबं आच ओढून घेतं, पत्रा ओघळणार नाय."

करंट कमी झाला. आतून हिरामणांनी तांबं दाबून धरलं, बाहेरून संजनाने थेंबावर थेंब ठेवला. भोक आक्रसत गेलं आणि बुजलं. मी इतकी हळू आणि इतकी सुखात कधी जळले नव्हते.

जोड घासून गुळगुळीत केल्यावर रंगूबाईंनी खाली कोरडा कागद अंथरला आणि पातेलं पाण्याने काठोकाठ भरलं. सगळ्यांचा चहा पिऊन होईपर्यंत ते तसंच ठेवलं. कागद कोरडाच राहिला.

"आता वस्तीला मी खुशाल बोलावते," रंगूबाई म्हणाल्या. "उद्या पहिली वाटी मामा-भाचीची!"

हिरामण संजनाला म्हणाले, "उद्या खीर खाऊ, परवा बाजारातून बारीक तारेचं पुडकं आणू."

मित्रांनो, तार उचलण्याआधी समोरचा पत्रा किती पातळ आहे ते बोटांनी चाचपून बघा. पातळाला पातळ द्या, जाडाला जाड. आणि काम संपलं की माझ्यासारख्या म्हातारीवर एक कापड टाकत जा. पातेल्यांना काही सांगून चीर जात नाही.