दशांशाचं दुसरं घर

दवाखान्यातून आणलेल्या, दाबला की हवा फेकणाऱ्या रबरी फुग्यानं तो स्वतःच्या कॉम्प्युटरमधली धूळ उडवत जमिनीवर बसला होता, तेवढ्यात तिनं दोन कागद त्याच्या मांडीवर ठेवले.

"वाच," ती म्हणाली. "दोन्हीकडचा शेवटचा आकडा."

त्यानं हात पुसले आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. एका शाळेच्या सभागृहात नवा सज्जा होणार होता. तो पोरांनी गच्च भरला तर त्याची पुढची कड किती वाकेल, याचा हिशेब दोन्ही कागदांवर होता. सज्जा तोच, तुळया त्याच, पोरंही तेवढीच. आकडे मात्र वेगळे होते.

"एक परवाचा, एक आजचा. मध्ये मी काहीही बदललेलं नाही. फाइल उघडली आणि चालवली, बस."

"अगं, चुकून काहीतरी बदललं असेल."

नेमकं जे बोलू नये तेच तो बोलून गेला होता. तिनं कागद परत घेतले, एकावर एक ठेवून घडी घातली आणि घडीवरून नख फिरवत राहिली.

"तेच म्हणतेय मी. बदललं असेल, आणि मला आठवत नाही."

तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आई बँकेत होत्या आणि आकड्यांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आधी बेरजा चुकायला लागल्या, मग माणसांची नावं, आणि शेवटी शेवटी समोर बसलेल्या पोटच्या मुलींना त्या "आपण कुणाकडे आलात?" असं अगदी अदबीनं विचारायच्या. आईंचं दुखणं सुरू झालं त्या वयाला ती आता येऊन ठेपली होती. घरात हा विषय कुणी काढत नसे. पण हिवाळा सुरू झाल्यापासून तिच्या हिशेबात ही अशी तिसरी गफलत होती. पहिल्या दोन तिच्या इंजिनिअरिंगच्या कामातल्या भागीदाराला सापडल्या आणि त्यानं त्या हसण्यावारी नेल्या. त्याचं ते हसणंच तिला जास्त लागलं होतं.

"उद्या त्याला सांगणार आहे," ती म्हणाली. "सज्ज्यावर माझी सही नको. आणि यापुढे कशावरच नको. पोरं बसणार आहेत रे त्याच्यावर."

त्याच्या हातातला फुगा तसाच राहिला. तिची कीव यायच्या आधी त्याला आपली करणी आठवली.

धंद्यानं तो दातांचा डॉक्टर, पण जीव अडकलेला मदरबोर्डात. तिची मोठी बहीण म्हणायची, "आमच्या मेहुण्यांचा पेशंट खुर्चीत कण्हत असतो आणि हे घरच्या मशीनचा ताप बघत असतात." तिचं मशीन त्यानंच एकेक भाग निवडून जुळवलं होतं. कंपनीनं नेमून दिलेल्या वेगावर समाधान मानणं त्याच्या रक्तात नव्हतं. प्रोसेसर त्याहून जोरात पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करायचं. पळवायचा तर व्होल्टेज जास्त द्यावं लागतं, व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते, आणि उष्णता वाढली की पंखे बोंबलतात. "शेजारी पिठाची गिरणी टाकलीस का?" असं तिनं एकदा वैतागून विचारलं होतं. मग गेल्या वर्षी, ती घरी नसताना, त्यानं वेग तसाच ठेवून व्होल्टेज हळूच उतरवलं. फार नाही, दशांशाच्या दुसऱ्या घरात. पंखे गप्प झाले. तिनं तोंडभर कौतुक केलं, ते त्यानं मिशीतल्या मिशीत हसत घेतलं आणि काय केलं ते सांगितलं नाही. आपली करामत उघड करायची त्याला हौस नव्हती, आणि सांगितलं असतं तर ती "आधीसारखं कर" म्हणाली असती.

वेग जास्त आणि व्होल्टेज कमी, म्हणजे हमालाला अर्धपोटी ठेवून दोन पोती उचलायला लावायची. बहुतेक वेळा असं मशीन बंद पडतं, आणि पडलेलंच बरं. पण क्वचित ते बंद पडत नाही. निमूट काम करत राहतं आणि मधेच एखादा आकडा चुकवून पुढे जातं.

"थांब," तो म्हणाला. "सही-बिही काही सोडायची नाही. चूक तुझी नाहीये. माझी आहे."

त्यानं सगळं सांगितलं. ती उभ्या उभ्या ऐकत होती. आता आपली धडगत नाही असं त्याला वाटलं होतं, पण ती खाली बसली, त्याच्या सुट्या स्क्रूंच्या पसाऱ्यात.

"म्हणजे मी नाही?"

"तू नाहीस."

"नक्की?"

"अगं, नक्की. अशा मशीनवर कुणाचंही गणित चुकेल."

तिनं तो रबरी फुगा उचलला आणि त्याच्या खांद्यावर जोरात हाणला. "गाढवा! हिवाळाभर झुरतेय मी! अंथरुणावर पडले की तोंडातल्या तोंडात पाढे म्हणते, माहितेय? एकोणतीसचा म्हणते, येतोय का बघायला!"

"मला वाटायचं झोपेत बडबडतेस."

ती रडली आणि रडता रडता हसायला लागली. त्यालाही हसू फुटलं. आपल्या मूर्खपणाचा इतका आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"ताईला सांगते," डोळे पुसत ती उठली. "तिची झोप उडवली होती मी. तू जा आणि आधी ते नीट कर. परत माझ्या मशीनला हात लावलास तर बघ!"

तो तिच्या कामाच्या खोलीत गेला. स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता. "अगं ताई, आपल्या डॉक्टरांचे प्रताप ऐक!" असा चढा, खुललेला आवाज कितीतरी दिवसांनी घरात ऐकू येत होता. त्यानं मशीन परत सुरू केलं, डिलीटचं बटण दाबून धरलं आणि बोर्डाच्या सेटिंगचं पान उघडलं.

व्होल्टेजच्या ओळीत त्याचा आकडा नव्हता. तिथे 'ऑटो' होतं.

चुकीच्या पानावर आलो असं वाटून तो मागे गेला आणि परत आला. वेग कंपनीचा होता, व्होल्टेज बोर्ड ठरवेल ते होतं, त्याच्या हातची एक खूण कुठे शिल्लक नव्हती. मशीन सुरू होताना अडखळलं तर बोर्ड मालकाला न विचारता सगळी मापं पुसतो आणि कारखान्यातली लावून घेतो, हे त्याला ठाऊक होतं. पण हे घडलं कधी? काल-परवा घडलं असेल तर अजून सगळं ठीक होतं.

"अगं," त्यानं बसल्या जागेवरून हाक मारली. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "मशीन सुरू होताना कधी अडखळलं होतं का? काही मेसेज वगैरे?"

"हो की!" ती तिकडून म्हणाली. "रंगकाम झाल्यावर. हलवलेलं मशीन परत जोडलं तेव्हा दोनदा सुरू होऊन बंद पडलं. मग सेटिंग उडालंय, एफ-वन दाबा, असं आलं. मी दाबलं. तू दवाखान्यात होतास."

"नंतर कधी?"

"छे! ते एकदाच. निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं होती." मग फोनमध्ये, "बघ ताई, कसं लख्ख आठवतंय मला!"

रंगकाम उन्हाळ्यात झालं होतं. तिची पहिली चूक हिवाळ्यातली होती. म्हणजे ज्या मशीनवर ती चुकली, ते तेव्हा ठणठणीत होतं.

तो स्क्रीनकडे बघत बसला. त्याला भीती वाटली, सरळ लहान मुलासारखी भीती. आणि त्या भीतीतच त्याला सुचलं की आपले जुने आकडे परत भरावेत, तिला बोलावून दाखवावेत आणि तिच्यादेखत ते नीट करावेत. तिला पटेल. कुणाला कधी कळणार नाही. त्यानं व्होल्टेजच्या ओळीवर जाऊन एकचा आकडा टाइप केला, पुढे टिंब दिलं.

"ठेवते गं," स्वयंपाकघरात ती म्हणत होती. "पार्टनरला फोन करायचाय. सज्ज्याची सही उद्या करते म्हणून सांगते."

त्याचं बोट थांबलं. मग त्यानं टिंब खोडलं, एकचा आकडा खोडला.

"त्याला फोन करू नकोस," तो म्हणाला. "आधी इकडे ये."

ती फोन हातात घेऊनच आली, चेहऱ्यावर अजून हसू होतं. त्यानं उठून तिला खुर्ची दिली. तक्ते वाचण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं बोट वरून खाली नेलं, प्रत्येक ओळीवर थोडं थांबत, आणि शेवटच्या ओळीवर ते तसंच राहू दिलं.

"सगळीकडे ऑटो," ती म्हणाली.

"हं."

"तू आत्ता केलंस?"

"नाही. मी यायच्या आधीपासून तसंच होतं."

"उन्हाळ्यापासून," ती म्हणाली. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"हे बघ, आईंसारखंच असेल असं मुळीच नाही. थकवा असतो, थायरॉईड असतं, झोप नीट होत नाही—"

"दातांच्या डॉक्टरांनी दातांबद्दल बोलावं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं भागीदाराचा नंबर लावला आणि खिडकीकडे तोंड करून बोलली. सज्ज्यावर सही तू कर. हिवाळ्यापासूनचं माझं सगळं काम परत तपासायला घे. हो, सगळं. का ते उद्या आल्यावर सांगते.

फोन तिनं टेबलावर पालथा ठेवला. तो तिच्या पाठीशी उभा होता. हात तिच्या खांद्यावर ठेवावा की नाही हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं ठेवला.

"पण ते एफ-वन मला आठवलं," ती म्हणाली. "निळ्या पट्टीसकट. डॉक्टरांकडे जाऊ तेव्हा तेही सांगायचं."

"सांगू."

"माझ्या लक्षात राहिलं नाही, तर तू सांग."