यादीतलं पाचवं नाव

एखाद्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या मुलीला मागणी घालावी, म्हणजे लग्नासाठी नव्हे, देशाचा आर्थिक गाडा ओढायला, असं शामकांत दळवींच्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं.

देश तसा चिमुकला. हिंदी महासागरातली दहाबारा बेटं; नाव सांगितलं तरी शंभरातली नव्वद माणसं आधी नकाशा उघडणार. शामकांतांना मात्र तो ठाऊक होता. चौतीस वर्षं जहाजांवर काढून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्या बंदरात ते दोनदा जाऊन आले होते आणि दोन्ही वेळा तिथली एकुलती एक क्रेन बंद होती. तिथे यंदा नवे राष्ट्राध्यक्ष निवडून आले, वय अवघं चव्वेचाळीस. आल्या आल्या त्यांनी पांढऱ्या केसांच्या सल्लागारांना नारळ दिला आणि सांगून टाकलं की नवा आर्थिक चमू पाच जणांचा, पाचही जण चाळिशीच्या आतले आणि आपापल्या विषयात मुरलेले. त्यातले चार त्यांच्याच देशातले होते. पाचवी शामकांतांची मुलगी, किमया.

किमया सिंगापुरातल्या एका सल्लागार कंपनीत अर्थतज्ज्ञ होती. तीन वर्षं ती त्याच देशाच्या बंदरावर आणि धान्याच्या आयातीवर अहवाल लिहीत होती. जुन्या सरकारने ते कपाटात ठेवले, नव्या राष्ट्राध्यक्षांनी ते वाचले, एवढाच काय तो चमत्कार. काम दोन वर्षांचं. तिथेच राहायचं, दर तीन महिन्यांनी आठवडाभर घरी यायचं. नावं शुक्रवारी जाहीर होणार होती आणि होकार-नकार गुरुवारपर्यंत कळवायचा होता.

अडचण पाच वर्षांची होती आणि तिचं नाव वल्लरी. सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या फ्लॅटमध्ये किमयाच्या, आपल्या आईच्या, कुशीत शिरल्याशिवाय तिला झोप येत नसे. तिचा बाबा दर्शन शहाणा मुलगा. "तू जा, मी बघतो" असं पहिल्याच दिवशी म्हणून मोकळा झाला होता. तरीही किमयाचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं.

"तुम्ही तिला सांगा, जाऊ नको म्हणून," मंगळवारी सकाळी चहाचा कप पुढे ठेवत सुमित्रा नवऱ्याला म्हणाली. "माझं ऐकायची नाही ती. तुमचं ऐकेल."

"माझं का ऐकेल?"

"कारण तुम्ही गेलेले आहात. गेलेला माणूस जाऊ नको म्हणाला की त्याला वजन असतं."

ते खरंच होतं. सुमित्राने पोर एकटीने वाढवली होती. गोवर, परीक्षा, पडलेले दात, आठ वर्षांच्या मुलीचा हात धरून मुंबईहून सिंगापूरला केलेलं बिऱ्हाड, हे सगळं झालं तेव्हा शामकांत कुठल्या ना कुठल्या समुद्रात होते. तिने कधी तक्रारीचा ब्र काढला नाही. बायको बोलत नाही म्हणजे तिचं काही म्हणणं नाही, ही सोयीची समजूत पुरुषांची फार लवकर होते. शामकांतांचीही झाली होती.

बुधवारी दुपारी किमया बेडोकला आईबाबांच्या घरी आली. सुमित्रा आत थालीपीठं थापत होती. शामकांतांनी सकाळपासून 'जाऊ नकोस' हे वाक्य तीन-चार तऱ्हांनी घोटून ठेवलं होतं. पण किमयाने पर्स सोफ्यावर टाकली आणि तीच आधी बोलली.

"बाबा, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"तुम्ही बोटीवर जायचात, तेव्हा तुम्हाला कसं वाटायचं? म्हणजे मनातून?"

शामकांतांच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. तुमच्यासाठीच तर जात होतो. दर वेळी बॅग भरताना ते हेच म्हणायचे आणि फोनवरही हेच. या वाक्यावर त्यांनी अख्खा संसार चालवला होता.

"मी वल्लीला काय सांगू कळत नाही," किमया पुढे म्हणाली. "तुझ्यासाठी जाते म्हणू? तिला काय करायचाय तो देश? खरं सांगू का, मलाच जायचंय. मी लिहिलेलं कुणीतरी वाचून फोन केला, बाबा! दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते. आणि मग संध्याकाळी तिला आंघोळ घालताना इतकी लाज वाटली. पोरीला सोडून जायचं म्हटल्यावर आनंद होणारी मी कसली आई?"

तिचे डोळे भरले होते. शामकांत तिच्याजवळ सरकले. ओठांवर आलेलं ते जुनं वाक्य आता बोललं, तर या मुलीला आपण आणखी एकदा एकटं टाकून जाऊ, असं त्यांना वाटलं.

"मला आवडायचं, किमया," ते म्हणाले.

"काय?"

"जहाजावर जायला. घरची आठवण यायची, ते खोटं नाही. पहिले चार दिवस घास उतरायचा नाही. पण एकदा खाली इंजिनरूममध्ये उतरलो की मी खूश असायचो. तीन मजली उंच इंजिन आणि ते माझ्या हाताखाली चालतंय! पगाराची गरज होती, नव्हती असं नाही. पण तू दहा वर्षांची असताना कंपनीने मला इथल्या ऑफिसात बोलावलं होतं. पगारात फारसा फरक नव्हता. रोज संध्याकाळी घरी आलो असतो. मी नाही म्हटलं, आणि घरी कुणाला सांगितलंही नाही. तुमच्यासाठी जातो असं म्हणत राहिलो. ते पुरतं खरं नव्हतं."

आत थालीपीठ थापल्याचा आवाज थांबला होता. स्वयंपाकघराच्या दारात सुमित्रा उभी होती, पिठाचे हात तसेच.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला आवडायचं तेही, आणि ऑफिसचं तेही. तुमच्या ऑफिसात स्मिता होती ना, तिनं अभिनंदन करायला फोन केला होता. तिला वाटलं, तुम्ही आता घरी येणार."

"मग बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

चोवीस वर्षं! शामकांत उठून तिच्यापाशी गेले. आतून करपल्याचा वास आला तशी ती लगबगीने वळली, आणि ते तिच्या मागोमाग आत गेले.

"चुकलं माझं, सुमित्रा," ते गॅसशेजारी उभे राहून म्हणाले.

"चुकलं," ती म्हणाली. तव्यावरचं थालीपीठ उलटून तिने पदराने डोळे पुसले. "जाण्याचं नाही म्हणत मी. न सांगण्याचं. बसा आता, ती उपाशी आहे."

थालीपीठावर लोण्याचा गोळा ठेवून तिने ताटली किमयापुढे आणली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"जायचंय ना तुला? मग जा. पण पोरीला खरं सांग. तुझ्यासाठी जाते म्हणून तिच्या डोक्यावर ओझं ठेवू नकोस. तू ते वाहिलंयस. बाबा माझ्यासाठी गेलेत म्हणून कधी हट्टसुद्धा केला नाहीस. मी बघितलंय. वल्लीचं काय ते आम्ही दोघं बघू. रोज येऊ पुंगोलला."

कालची 'जाऊ नको म्हणून सांगा' म्हणणारी बाई हीच का, असं शामकांतांना वाटलं, पण विचारायची छाती झाली नाही. किमया रडत रडत दोन थालीपीठं जेवली आणि ऑफिसला गेली. संध्याकाळी तिने होकार कळवला.

शुक्रवारी दुपारी चार वाजता सगळे पुंगोलच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपपुढे बसले. झेंड्याशेजारी उभे राहून राष्ट्राध्यक्षांनी एकेक नाव वाचलं. तरुण माणूस, पण प्रत्येक नावावर बोट ठेवून वाचत होता. शामकांतांना त्यावरूनच तो आवडला. पाचवं नाव त्यांनी "किमाया दाल्वी" असं वाचलं. दर्शनने टाळ्या वाजवल्या, म्हणून वल्लरीनेही वाजवल्या.

किमयाने लॅपटॉप मिटला आणि तिला मांडीवर घेतलं. "वल्ली, त्या अंकलनी मला त्यांच्या देशात काम करायला बोलावलंय. मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. मध्ये मध्ये येईन, पण राहणार तिकडे. दोन वर्षं."

"व्हाय? यू डोंट लाइक हिअर?" वल्लरीने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

"इथे आवडतं. तू तर मला सगळ्यात जास्त आवडतेस. पण ते कामही मला आवडतं. मला ते करायचंय."

वल्लरीने विचार केला. "कॅन डोंट गो, आई? नको ना जाऊस."

"मी जाणार आहे, बाळा."

पोरीने जो टाहो फोडला, तो शेजारच्या ब्लॉकपर्यंत गेला असेल. मांडीवरून घसरून ती फरशीवर पडली, पाय झाडू लागली, श्वास अडकून लालबुंद झाली. दर्शन पुढे झाला, तर त्याला तिने ढकललं. किमया खाली बसून तिला धरू बघत होती आणि स्वतःही रडत होती.

शामकांत खुर्चीवरून उठले, पण पुढे झाले नाहीत. घरातून निघायचे तेव्हा ते नेहमी पहाटेच निघायचे. झोपलेल्या किमयाचा पापा घ्यायचा, बॅग उचलायची आणि दार हळूच ओढायचं. मुलीला त्रास नको, असं ते म्हणायचे. असं रडणं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"किमया अशी रडायची?" त्यांनी सुमित्राला हळूच विचारलं.

"उठल्यावर," ती म्हणाली.

"मग तू काय करायचीस?"

"जवळ बसायचे. दुसरं काय करणार?"

शामकांतांनी सोफ्याला धरत फरशीवर बसकण मारली. वल्लरीची लाथ त्यांच्या नडगीवर बसली, मग आणखी एक बसली. ते हलले नाहीत. त्यांनी एक हात नातीच्या पाठीवर ठेवला आणि दुसरा, थोडं थांबून, किमयाच्या.