अब्बांच्या दाढीचा कंगवा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कंगवा आहे. डोक्याचा नव्हे, दाढीचा. तळहातात मावेन एवढाच, पण एके काळी माझा तोरा मोठा होता. एका सुताराने खाट करताना उरलेल्या तुकड्यातून मला कोरले, काचेने घासून गुळगुळीत केले, तेल पाजले आणि खाट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवले. ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे अब्बा. खरे तर ते त्यांच्या मुलीचे अब्बा, पण तिचे ऐकून ऐकून मीही त्यांना तेच म्हणू लागलो.

अब्बा पुस्तके बांधायचे. दिवसभर बोटे खळीत आणि तीच बोटे दाढीत. संध्याकाळी वाळलेल्या खळीचे पापुद्रे काढता काढता माझ्या नाकी नऊ यायचे. हळूहळू अब्बांच्या डोक्यावरचे केस गेले, पुढचे दात गेले, माझेही दोन दाते गेले. दाढी मात्र पांढरीशुभ्र आणि भरघोस राहिली. दुकानात येणारी मुले त्यांना ‘दाढीवाले आजोबा’ म्हणायची. त्यातले निम्मे श्रेय माझे, असे मी आजही मानतो.

एक दिवस परदेशातून भाच्याचा फोन आला. अब्बांची थोरली बहीण आपा, म्हणजे मुलीची फुफी, आता फार दिवसांची सोबती नव्हती. आई गेल्यावर तिनेच अब्बांना कडेवर घेऊन वाढवले होते. तिची नजर केव्हाच गेली होती, कानांनीही साथ सोडली होती. जीव तेवढा भावाच्या वाटेकडे लागला होता.

तिकडचे वातावरण तेव्हा तापलेले होते. कुठे तरी स्फोट झाला होता, निवडणूक तोंडावर आली होती आणि टीव्हीवर रोज कोणी ना कोणी दाढी-टोपीवाल्यांच्या नावाने गरळ ओकत होते. विमानतळावरूनच परत पाठवलेल्या माणसांच्या बातम्या यायच्या. मुलगी त्या रोज बघायची. शेवटी ती अब्बांसमोर येऊन बसली.

“अब्बा, दाढी काढा. दाढी परत येईल. फुफी परत येणार नाही.”

अब्बा आपणच उठून न्हाव्याकडे गेले. न्हावी जुना, ओळखीचा. खरेच काढू का, असे त्याने पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा कुठे वस्तरा लावला. घरी आल्यावर अब्बा आरशासमोर गेलेच नाहीत. मुलीने बॅगेतून टोपी काढून ठेवली, मलाही काढून ठेवले. तिची नजर चुकवून अब्बांनी मला कोटाच्या आतल्या खिशात टाकले. काम नसले तरी सोबत होती, आणि मला तेवढे पुरे होते.

अब्बा एकटेच निघाले. तिथे उतरल्यावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. फोटोत दाढी होती. घाईगडबडीत ही साधी गोष्ट बापलेकींच्या डोक्यातच आली नव्हती. अब्बांना एका बिनखिडकीच्या खोलीत नेले आणि खिसे रिकामे करायला लावले. टेबलावर मी येऊन पडलो. डोक्याला टक्कल, हनुवटी सफाचट आणि खिशात कंगवा! एरवी कोणीही हसले असते. अधिकारी हसला नाही. तो रागावलाही नाही, त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. त्याचे प्रश्न एक दुभाषी बाई अब्बांना विचारत होती.

“दाढी का काढली?”

“भीती वाटली म्हणून.”

“कोणाची?”

अब्बांनी मान खाली घातली. खरे सांगावे तर समोरच्याला लागणार, आणि खोटे बोलणे त्यांना जन्मात जमले नव्हते. ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचाच संशय आला. फोन झाले, कागद उलटेपालटे झाले, समोरची माणसे बदलली. मलाही कोणी तरी वाकवून पाहिले, त्यात माझा आणखी एक दाता मोडला. चौकशीत काही निघाले नाही, कारण निघण्यासारखे काही नव्हतेच. त्यांना सोडले तेव्हा दुसरा दिवस उजाडून दुपार झाली होती. भाचा बाहेर ताटकळत उभा होता.

आपा जिवंत होती. अब्बांनी खाटेशी बसून तिचा हात हातात घेतला. तिने तो सोडवून त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवला. गालावरून, हनुवटीवरून, पुन्हा गालावरून. अब्बा तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगत होते की मी आलोय, मीच आहे. तिला काहीच ऐकू जात नव्हते. परक्या पाहुण्याशी बोलावे तशा अदबीने ती म्हणाली, “बसा हो. माझा भाऊ यायचाय. मोठी दाढी आहे त्याला.”

अब्बांनी मला काढून तिच्या मुठीत दिले. तिने मला चाचपले आणि उशाशी ठेवून दिले. मला वाचा असती तर, असे आयुष्यात पहिल्यांदा वाटले.

संध्याकाळी तिचा श्वास अडखळू लागला. तिने अंदाजाने मुलाकडे तोंड वळवले. “मुन्नाला उशीर झाला असेल,” ती म्हणाली. “आला की त्याला दारात थांबवू नका.” त्यानंतर ती बोलली नाही. मुन्ना म्हणजे आमचे अब्बा. ते तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडत होते.

मित्रांनो, आता दाढी पुन्हा वाढली आहे. उरल्यासुरल्या दात्यांनी मी माझे काम करतो, पण विंचरता विंचरता अब्बांचा हात मध्येच थांबतो. माझ्यासाठी मला काही मागायचे नाही. तेलाचे बोट लागले नाही तरी चालेल. पण तुमच्यातले कोणी तरी उद्या मोठे होऊन त्या टेबलामागच्या खुर्चीत बसेल. समोर दाढीवाला कोणी येईल, डोक्यावरून ओढणी घेतलेली कोणी येईल. विचारायचे ते जरूर विचारा. फक्त आपला स्वतःचा चेहरा घेऊन त्यांना तुमच्यापुढे उभे राहता यावे, एवढी काळजी घ्या.