शेजाऱ्यांचं बेसमेंट

निवृत्त माणूस एकतर गोल्फ खेळतो, नाहीतर समाजाचं भलं करतो. अमेरिकेतल्या एडिसन गावच्या देवदत्तकाकांना गोल्फ जमला नाही, म्हणून त्यांनी मराठी मंडळींसाठी पुराचं ॲप बनवलं. ज्याच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरतं त्यानं नकाशावर कळवायचं. पाऊस यायच्या आधी ॲप त्या घराच्या नावानं बोंब मारणार.

शनिवारी वादळ येणार होतं आणि नकाशा ठणठणीत कोरडा होता.

"लोक खोटं बोलतात गं!" काका कळवळले.

"बोलणारच. घराची किंमत उतरते," सुवर्णाकाकू म्हणाल्या. "तुम्ही काय कळवलंत?"

काकांनी चष्मा पुसला. "कोरडं."

काका मराठी मंडळाच्या ढोल पथकाचे प्रमुख, म्हणून ढोल त्यांच्या बेसमेंटमध्ये होते. पाण्याचं कळलं असतं तर ढोल पथकातल्या विवेककडे गेले असते, आणि पाठोपाठ पथकाचं प्रमुखपदही.

अखेर त्यांनी मंडळातल्या नेत्राला फोन लावला. ती नोकरीत ॲप डिझाइन करते.

"काका, प्रश्नच चुकलाय. 'तुमच्याकडे पाणी येतं का?' असं आपल्या लोकांना विचारतात का? 'कोणाकोणाकडे येतं?' असं विचारा."

काकांनी प्रश्न बदलला. जेवणं व्हायच्या आत नकाशा निळाशार झाला.

'काकांच्या समोरच्या मंजुषाकडे येतं. सांगू नकोस म्हणाली होती.'

'विवेककडे गुडघाभर. तो स्विमिंग पूल म्हणतो.'

सगळ्यात गडद ठिपका काकांच्याच घरावर होता. पहिली नोंद: 'मागच्या पावसात ह्यांनी टॉवेल लावले. माझे चांगले.'

काकांनी बायकोकडे पाहिलं. काकू शांतपणे वाटाणे सोलत होत्या.

"समाजाचं भलं," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी ॲपनं बोंब मारली. थेंब पडायच्या आत दारात गाड्या लागल्या. सगळ्यात पुढे विवेक.

"काका, ढोल वर काढायला आलोय."

"आणि प्रमुखपद?"

"ते तुमचंच हो. फक्त बेसमेंट बदला."

"तुला आधीच माहीत होतं?"

"तुमच्या मागच्या डेकवर आठवडाभर टॉवेल वाळत होते, यार काका!"

ढोल दिवाणखान्यात चढले. मग सगळे मंजुषाचे खोके उचलायला गेले, मग विवेकचं कार्पेट गुंडाळायला. दुपारी पाणी आलं, तेव्हा खाली भिजण्यासारखं कोणाकडेच काही उरलं नव्हतं. काकांकडे ढोलांमुळे बसायला जागा नव्हती, म्हणून मंडळींनी उभ्यानंच वाजवायला घेतलं. काका ताल देत होते, काकू भजी तळत होत्या.

तेवढ्यात ॲपवर समोरच्या मंजुषाची नोंद आली: 'देवदत्तकाकांकडे आवाज गळ्यापर्यंत. मीही येतेय.'